कानवाल्या बाई

कापडी खेळण्यांच्या कारखान्यात त्यांना सगळे कानवाल्या बाई म्हणत. ससा असो की अस्वल, कान लावायचे ते बाईंनीच. त्यांनी लावलेला कान पोरांनी कितीही ओढला तरी निघत नसे, आणि याची बाईंना भलतीच ऐट होती. त्यांचे यजमान तिथेच कापड बेतायचे.

एकदा परदेशातून सीलची मागणी आली. समुद्राकाठी खडकांवर लोळणारं हे जनावर दोघांनीही कधी पाहिलेलं नव्हतं. सोबतच्या चित्राबरहुकूम यजमानांनी बिनकानाचा सील बेतला. बाईंनी उरल्यासुरल्या तुकड्यांचे दोन कान शिवून टाकले.

"अगं, त्याला कान नसतात!"

"मग लेकरांनी ओढायचं काय?"

माल गेला, आणि तिकडून निरोप आला की पुढचेही कानवालेच पाठवा. झालं! कानामागून आली आणि तिखट झाली, म्हणत यजमान फुरंगटून बसले.

ते भांडण संसारभर पुरलं. "एकदा तिकडे जाऊन बघूच," ते म्हणत. "खऱ्या सीलला कान निघाले, तर जन्मभर तुझं ऐकेन."

"आत्ता कुठे ऐकताय?"

मशिनांच्या खडखडाटानं यजमानांचा उजवा कान कामातून गेला होता. बाई नेहमी त्यांच्या डाव्या हाताला बसून बोलायच्या. एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडून द्यायची सोयच नाही आमच्याकडे, असं वर मैत्रिणींना सांगायच्या.

मुलगा परदेशात नोकरीला लागला, दोघांच्या जाण्याचं ठरलं, आणि त्याआधीच यजमान देवाघरी गेले. बाई एकट्याच विमानात बसल्या.

मुलानं हौसेनं किनाऱ्याकिनाऱ्यानं गाडी काढली. कुठे बगळे, कुठे वाळूवर पळणारे खेकडे, तो थांबून थांबून दाखवायचा. बाई "छान आहे हो" म्हणून परत गाडीत बसायच्या.

"आई, आवडत नाहीये का तुला?"

"सील कधी येणार, ते सांग."

जीव सगळा तिथेच अडकला होता. आयुष्यभर त्यांना स्वतःचंच खरं करायचं होतं. आता मात्र कान निघू नयेत, एवढंच त्या मनात घोकत होत्या.

एका वळणावर मुलानं गाडी थांबवली. कठड्याखाली खडकांवर दहाबारा सील सुस्त पडले होते. बाईंनी दुर्बीण डोळ्यांना लावली. एकानं मान वर करून लांबलचक जांभई दिली. डोकं कसं गुळगुळीत! कानांच्या जागी नुसती बारीक भोकं.

"अहो, नाहीत हो!" बाई आनंदानं ओरडल्या आणि सवयीनं उजवीकडे वळल्या. तिथे रिकामा कठडा होता.

या माणसाला हरवण्यात जन्म गेला, आणि आज हरल्याचं सांगायला तोच नव्हता. बाईंना रडू आवरेना.

मग त्यांनी पर्समधून पहिल्या मालातला, जपून ठेवलेला कापडी सील काढला आणि त्याचा उजवा कान उसवायला घेतला. टाका स्वतःचाच, सुटता सुटेना. शेवटी मुलानं गाडीतलं नेलकटर आणून दिलं. कान निघाला.

"दे, दुसरा मी काढतो," मुलगा म्हणाला.

"नको. डावा राहू दे."

बाईंनी सील तोंडाजवळ नेला, आणि त्या डाव्या कानात हळूच म्हणाल्या, "तुमचंच खरं होतं हो."