आखूड पायाची खुर्ची

"इंग्लिश मिडियमची हाय ती. न्हाय बोलणार काय. बसंल डुगडुगत."

खोक्यांच्या थप्पीपलीकडून मावशींचा आवाज आला, मागोमाग दोघींचं हसणं. मी डबा हातात धरून तिथेच थांबले.

दापोड्याच्या त्या गोदामात वयाने मोठ्या मावशी, आणखी दोघी आणि मी, अशा आम्ही चौघी ऑनलाइन गिऱ्हाइकांकडून परत आलेले कपडे तपासायचो. चार टेबलं, चार खुर्च्या, आणि त्यांतल्या एकीचा पाय आखूड. संध्याकाळी जाताना मी ती भिंतीशी सारून धड खुर्ची ओढून ठेवायची. सकाळी आखूड पायाचीच माझ्या टेबलाशी असायची.

आठवडाभर मी स्वतःला सांगितलं, झाडताना इकडची तिकडे होत असेल. मग खूण केली. आम्ही नारपोलीत राहतो, आजूबाजूला सगळे कापड विणायचे लूम, त्यामुळे ओढणीला कायम सूत चिकटलेलं असतं. त्यातला एक निळा धागा मी धड खुर्चीच्या खाली बांधला. दुसऱ्या दिवशी पेन पाडून वाकून पाहिलं. धागा मावशींच्या खुर्चीखाली होता.

सुपरवायझरला सांगता आलं असतं. 'रिस्पेक्टेड सर'पासून अख्खा अर्ज डोक्यात तयार होता. शाळेत अर्ज शिकवले होते, भांडण शिकवलं नव्हतं. पण खरं कारण वेगळं होतं. लेडीज टॉयलेट गोदामाच्या मागच्या टोकाला, ट्रक उभे राहतात तिकडे. तिथे एकटी कुणी जात नसे. बाकीच्या दोघी जोडीने जायच्या. मला रोज चार वाजता मावशी हाक मारायच्या, "चल गो." त्यांच्याशी बिनसलं असतं तर मी कुणाबरोबर गेले असते? त्या हाकेचाही मला संशय यायचा. खुर्चीबद्दल तोंड उघडू नये म्हणूनच मला नेत असतील.

तेव्हा मी खोक्याचा तुकडा फाडला, चार घड्या घालून आखूड पायाखाली सारला. संध्याकाळी मात्र तो काढून पर्समध्ये टाकायची. माझी युक्ती दुसरीला फुकट का? याला सोशिकपणा म्हणतात का, मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते हसणं कानावर पडलं त्या दुपारी मी गुपचूप जाऊन त्यांच्यातच जेवायला बसले. मावशींनी माझ्या डब्याच्या झाकणात चटणी वाढली. मी आधी वास घेतला, मग खाल्ली.

दुसऱ्या दिवशी पहिली बस पकडून सगळ्यांच्या आधी पोहोचले आणि धाग्याची खुर्ची घेतली.

मावशी आल्या. उरलेल्या खुर्चीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिच्यावरच बसल्या. आखूड पायाखाली मालाच्या जुन्या चलनाच्या कागदाची घडी सरकवली. दुपारपर्यंत ती चपटी झाली आणि प्रत्येक गठ्ठा उचलताना खुर्ची डुगडुगायला लागली. त्या एका हाताने कंबर धरत होत्या. दुसऱ्या दोघी आज हसत नव्हत्या. कोण आधी बोलतंय, याची वाट बघत असाव्यात.

चार वाजले. आज हाक येणार नाही, असं मी धरून चालले होते. पाणी प्यायचंही टाळलं होतं.

मावशी उठल्या. "चल गो."

जाताना आणि येताना ट्रकच्या बाजूने नेहमीसारख्या त्याच चालल्या. टेबलाशी परत आल्यावर मी पर्स उघडली आणि तो तुकडा त्यांच्यासमोर ठेवला.

"मावशी, कागद दबतो," मी म्हटलं. "हा पुठ्ठा घाला. आणि संध्याकाळी काढू नका, तिथेच राहू द्या."