आजोबांचा लेथ

मुलांनो, आजोबांचा लाकूड कातायचा लेथ दिवाणखान्यात शोभेला हवा, असा तुमचा निरोप आला. उत्तर एकदाच, स्पष्ट लिहून ठेवते.

तुमच्या बाबांच्या सांगण्यावरून तो मीच भंगारात दिला होता. तुमचा निरोप आल्यावर शोधत अफझलगंजाच्या जुन्या बाजारात गेले. तिथे जुनी यंत्रं दुरुस्त करणाऱ्या एकाकडे तो सापडला. त्याचं नाव मी विचारलं नाही. फिरत्या लेथवर लांब स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याच्या मुठीला कान लावून, डोळे मिटून तो यंत्राच्या आतला आवाज ऐकत होता.

"मोटर काढून द्या. घरात नुसता ठेवायचाय," मी म्हणाले.

त्यानं स्क्रूड्रायव्हर आपटला. "सड़ी हुई मशीन थी अम्मा, छे महीने घिसा मैं. अब चल री तो मार डालूँ बोलरे आप? नक्को. जाओ."

मी संतापून बाहेर पडले. रिक्षात बसल्यावर मात्र तो संताप आपल्याच घरावर उलटला. आजोबा काम करायचे तेव्हा आपल्यापैकी एकानंही त्या खोलीत पाऊल टाकलं नाही. भुसा घरात येतो म्हणून दार मीच लावून घेत असे. आणि आता शोभेला हवा!

पुन्हा विचारू नका. लेथ अफझलगंजात आहे आणि रोज चालतो.