कडू हाय, शेवंते

माझ्या मामेसासऱ्यांइतका खरं बोलणारा माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा नसेल, आणि त्यापायी इतकी गिऱ्हाइकं घालवणाराही नसेल. मी मुलगी बघायला गेलो तेव्हा हे भाचीचं कौतुक करायला उठले आणि म्हणाले, "पोरगी मनाची साफ हाय, पन रागीट हाय. मंग म्हनसान सांगतलं नाई." लग्न झालं, आणि मामाजींचा शब्दही खरा ठरला. नांदगाव खंडेश्वरजवळ त्यांचा झेंडूचा मळा. अमरावतीच्या बाजारात गिऱ्हाईक टोपलीत हात घालायच्या आत हे सांगणार, "वरचे आजचे, खालचे कालचे." मामी कपाळाला हात लावत.

या माणसाचा जीव होता शेवंतीवर, म्हणजे त्यांच्या पांढऱ्या घोडीवर. आसपासचा नवरदेव तिच्यावर बसल्याशिवाय मांडवात जात नसे. एका हिवाळ्यात ती झडू लागली. पोट सुटलं, बरगड्या दिसू लागल्या. डॉक्टरांनी जंत सांगितले, टूथपेस्टसारखं औषध भरलेली पिचकारी दिली आणि हे पोटात गेलं नाही तर घोडी हातची जाईल, असं बजावलं. मामी म्हणाल्या, गुळात लपवून द्या. मामाजी आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले, "घे, गूळ हाय." शेवंतीनं तो तोंडात घेतला आणि सगळा त्यांच्या धुतलेल्या सदऱ्यावर उडवला. नंतर दोन दिवस तिनं त्यांच्या हातचा चाराही घेतला नाही. मी समजूत घालायला गेलो तर म्हणाले, "जावईबापू, आपुन मुक्या जनावराले फसोलं. थे काहून इश्वास ठेवन?"

तिसऱ्या दिवशी डॉक्टर नवी पिचकारी, दोर आणि दोन गडी घेऊन आले. मामाजींनी दोर बाजूला ठेवायला लावला. डॉक्टरांनी टेपनं तिची छाती मोजून वजनाचा अंदाज काढला आणि पिचकारी तेवढ्या वजनाच्या खुणेवर लावून दिली; ती मामाजींनी तिच्या डोळ्यांपुढे धरली. "शेवंते, औषध हाय. कडू हाय. परवा खोटं बोललो, चुकलं माह्यं." शेवंतीनं कान टवकारले. मामाजींनी ओठाच्या कोपऱ्यातून, जिथं दात नसतात तिथून, पिचकारी जिभेच्या मुळाशी रिकामी केली आणि तिची हनुवटी वर धरून उभे राहिले. गळा हलला. गिळलं! गडी ओरडले, मामींनी डोळ्यांना पदर लावला, आणि डॉक्टर दोर गुंडाळत म्हणाले, "मी आजवर नुसता बांधतच आलो."

लग्नसराईत शेवंती अशी चमकली की लोक नवरदेव सोडून तिचेच फोटो काढू लागले. मामाजी लगाम धरून प्रत्येक वऱ्हाड्याला छाती फुगवून सांगत होते, "इले जंत झाले होते!" वर बसलेला नवरदेव अंग चोरत होता.

मागच्या वर्षी मामाजी अमरावतीच्या दवाखान्यात होते. नर्स "गोड आहे, बाबा" म्हणत चमचा पुढे करायची आणि हे ओठ घट्ट मिटून घ्यायचे. शेवटी चमचा मी घेतला. म्हणालो, "मामाजी, कडू आहे. आणि यानं पूर्ण बरं वाटेल, असं डॉक्टरही म्हणत नाहीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं, हसले आणि तोंड उघडलं.

शेवंतीला आता औषध मी देतो. आधी सांगतो, मगच देतो.