गुरुवारची वजडी

धर्मपाल २००८ साली मेलबर्नला कुकरीचा डिप्लोमा करायला आला. त्या काळात तिथे आपली पोरं लोंढ्यानं कुकरी शिकत होती आणि त्यातल्या जवळजवळ कुणालाच स्वयंपाक करायचा नव्हता. सगळ्यांना पीआर, म्हणजे तिथे कायमचं राहायचा परवाना, हवा होता, आणि पीआरचा रस्ता तेव्हा किचनमधून जायचा. धर्मपालला मात्र रांधायला मनापासून आवडायचं. पण हे तो कुणाला सांगत नसे. बॅचमध्ये हसू झालं असतं.

मनमाडच्या रेल्वे क्वार्टर्समध्ये तो वाढला. रविवारी त्याची आई, सोजरबाई, वजडी करायची. बकऱ्याचं पोट आणि आतडी गरम पाण्यातून खरवडून काढायची, कांदा-खोबरं भाजून वाटण घालायची, आणि हे सगळं खिडक्या लावून. वास कुठे लपतो? शेजाऱ्यांना सगळं ठाऊक होतं. तरी खिडक्या लागायच्याच.

मेलबर्नच्या सनशाइन या उपनगरात तो चार मराठी पोरांबरोबर राहायचा. घराचा कारभार दत्तप्रसादकडे होता. पोरगा चांगला, कुणाच्या अडीनडीला धावणारा. जातपात आपण मानत नाही असं तो अधूनमधून सांगायचाही. घरात चिकन चालायचं. एकदा धर्मपालनं फुट्सक्रेच्या खाटकाकडून वजडी आणून फ्रिजमध्ये ठेवली. दत्तप्रसादनं पिशवी उघडून पाहिली आणि अगदी शांतपणे विचारलं, "अरे, हे माणसं खातात?"

"कॉलेजच्या प्रॅक्टिकलला आणलंय," धर्मपाल म्हणाला. संध्याकाळी त्यानं स्वतःच ती पिशवी कचऱ्याच्या बिनमध्ये टाकली.

पुढे विल्यम्सटाउनच्या एका आयरिश पबमध्ये त्याला भांडी घासायचं काम मिळालं. मालकीण नोरीन, साठीच्या पुढची. आयर्लंड तिनं कधी पाहिलं नव्हतं. आजी कॉर्कहून बोटीनं आली होती, तेवढ्या भांडवलावर ती स्वतःला आयरिश म्हणवायची. बारच्या मागे आजीचा भलामोठा फोटो होता. बटाट्या-कोबीचं कॉलकॅनन, सोडा ब्रेड, रक्त आणि ओट्स घालून केलेलं ब्लॅक पुडिंग, सगळं आजीच्या पद्धतीचं. आणि गुरुवारी ट्राइप, म्हणजे गाईच्या पोटाचे तुकडे, दुधात कांद्याबरोबर मंद शिजवलेले.

पहिल्या गुरुवारी नोरीननं त्याला पातेल्याजवळ उभं करून सांगितलं, की हे गरिबांचं जेवण. मांस जमीनदार न्यायचे, आमच्या वाट्याला पोट आणि रक्त उरायचं. हे सांगताना तिची मान ताठ होती. धर्मपाल बघतच राहिला. अशी गोष्ट मान ताठ ठेवून सांगता येते, हे त्याला नवीन होतं.

त्यानं ट्राइप इतकी लख्ख साफ केली की नोरीन थक्क झाली. कुठे शिकलास, तिनं विचारलं. कॉलेजमध्ये, तो म्हणाला. कॉलेजमध्ये अजून ऑम्लेटच चाललं होतं.

धर्मपाल हे नाव नोरीनच्या तोंडात बसेना. त्यातला पाल काढून तिनं त्याचा पॉल केला. दोन वर्षांनी सरकारनं नियम बदलले, कुकरीवाली पोरं लटकली, आणि नोरीननं पॉलला स्पॉन्सर केलं. आयरिश पद्धतीचा स्वयंपाक येणारा माणूस सगळ्या मेलबर्नमध्ये मिळत नाही, असं तिनं सरकारला कळवलं. सरकारला ते पटलं.

पॉल मुख्य शेफ झाला. एकदा नोरीननं वारशाची मेजवानी ठेवली. प्रत्येकानं आपल्या आजीचा एक पदार्थ करायचा. धर्मपालनं बटर चिकन केलं. त्याच्या आजीनं बटरही पाहिलं नव्हतं, पण टाळ्या भरपूर पडल्या. त्या दिवशी दत्तप्रसाद बायकोला, मयूराला, घेऊन आला होता. आता तो आयटीत होता, ट्रुगानिनात घर बांधत होता. धर्मपालला पाहून त्याला खरोखर आनंद झाला. ब्लॅक पुडिंगची दुसरी चकती घेत त्यानं यात काय असतं म्हणून विचारलं.

"ओट्स, कांदा, मसाला. आणि रक्त."

दत्तप्रसादचा काटा क्षणभर थांबला. "हेरिटेज आहे यार," तो म्हणाला आणि मयूरालाही एक चकती वाढली.

मग २०१६ साली सोजरबाई आल्या. एका गुरुवारी, आर्वोला, म्हणजे तिथल्या बोलीत दुपारी, धर्मपाल त्यांना पबमध्ये घेऊन गेला. नोरीननं स्वतःच्या हातानं ट्राइपची थाळी पुढे ठेवली. सोजरबाईंनी एक घास खाल्ला, मग दुसरा.

"वजडीच की ही," त्या म्हणाल्या. "शिजली बरीक नीट. पण दुधात कशाला बुडवली रे? मिरच्या महाग आहेत का इथं?"

काय म्हणतायत, नोरीननं विचारलं. आवडली म्हणतायत, असं धर्मपाल सांगणार होता. तोंड उघडलंही होतं. पण सगळ्यांशी खोटं बोलून तो कंटाळला होता. त्यानं सांगून टाकलं. हे आमच्या घरचं आहे, मी लहानपणापासून खातोय, साफ करायला आईनं शिकवलं.

नोरीनला राग नव्हता आला, वाईट वाटलं होतं. "मला वाटत होतं, पॉल, की मी शिकवलं तुला," ती म्हणाली.

तिकडे, त्यानं काय सांगितलं ते कळल्यावर, सोजरबाई वेगळ्याच कारणानं भडकल्या होत्या. मालकिणीला घरचं कशाला सांगितलंस, शेफ ना तू, आता ती काय म्हणेल? धर्मपालनं त्यांना फोटोतली आजी दाखवली, आजीच्या गरिबीची गोष्ट सांगितली. बाई भोळी दिसते, असं म्हणून सोजरबाईंनी विषय संपवला. दुसऱ्या दिवशी आपलं पारंपरिक म्हणून त्यांनी नोरीनसाठी पुरणपोळी पाठवली. नोरीननं ती सभ्यपणे अर्धी खाल्ली आणि निरोप पाठवला, गोड छान आहे, पण मला ते दुसरं हवंय.

तीन आठवडे अशीच गोडाची पाठवापाठव आणि तोच निरोप चालला. निघायच्या आधी सोजरबाई पबच्या किचनमध्ये शिरल्या, नोरीनच्या दुधाच्या पातेल्याकडे पाठ करून. सुकं खोबरं भाजल्यावर धूर बारपर्यंत गेला. नोरीनच्या डोळ्यांतून पाणी आलं, नाक लाल झालं, आणि तिनं थाळी पुसून खाल्ली.

आता गुरुवारी दोन पातेली असतात, एक पांढरं, एक लाल. लाल आधी संपतं. पाटीवर नोरीननं 'सोजर्स ट्राइप' असं लिहिलंय. परवा एक म्हातारा नियमित गिऱ्हाईक विचारत होता, सोजर ही आयर्लंडची कुठली काउंटी, कुठला जिल्हा?

"साउथला, मेट," धर्मपाल म्हणाला. "बरीच साउथला."

सोजरबाई मात्र मनमाडात सगळ्यांना सांगतात, पोरगा तिकडे बटाट्याचं काहीतरी करतो.