सरांच्या बाजूने बोलणारी

सरांच्या हातात खडू द्यावा आणि मग बघावं! हा किडकिडीत, शर्टाची बटणं हमखास वरखाली लावणारा माणूस फळ्यासमोर असा रंगायचा की तास संपल्याची घंटा पोरांना वैरीण वाटायची. आणि त्याच माणसाच्या हातात पेन दिलं की संपलं. भाषण विसरलेल्या नटासारखी गत. दोन ओळी लिहायच्या, चार खोडायच्या, शेवटी नुसती समीकरणं मांडून मोकळं व्हायचं.

"ज्याला कळायचं त्याला कळेल," सर म्हणायचे.

"आणि ज्याला नाही कळत, नेमका तोच अनुदान देणारा असतो!" काकू स्वयंपाकघरातून ओरडायच्या. सरांची बायकोच ती. इतकं स्पष्ट दुसरं कोण बोलणार?

सरांचे वडील शिंपी होते. त्याचाच गुण असेल, पण सरांनी गणितातही शिवणकामच केलं. जमिनीखालचं पाणी कुठून कुठे झिरपतं, हा हिशेब इतका अवाढव्य की भलाथोरला संगणकही त्यापुढे हात टेकतो. म्हणून त्याचे तुकडे करायचे, अनेक यंत्रांना वाटून द्यायचे आणि आलेली उत्तरं जोडायची. सगळी मेख जोडावर. चूक तिथेच साचते. तो जोड पक्का कसा घालावा, यात सरांची उभी हयात गेली. विद्यापीठाच्या विभागात त्याला 'शिंपीकाम' म्हणत. तोंडावर कौतुकाने, पाठीमागे हसून.

"शिवण दिसली तरी चालेल," सर म्हणायचे, "लपवलेली उसवते."

हे काम सरकारी अनुदानावर चालायचं. सरांच्या गणिताचे प्रोग्रॅम लिहिणारा दाढीवाला सहकारीसुद्धा त्याच अनुदानावर नेमलेला. ते आता संपत आलं होतं. नवं मिळालं तर दाढीवाला राहणार, काम तडीला जाणार. नाही मिळालं तर सर निवृत्तीला टेकलेले, पुन्हा अर्ज करायला वेळ उरला नव्हता.

आणि प्रस्ताव लिहिला होता सरांनी. स्वतःच्या हाताने!

तो वाचून खोडरबरने कपाळाला हात लावला. फळ्यावरची सरांची चूक बेधडक उठून पुसायची म्हणून सरांनीच तिला विद्यार्थिदशेत हे नाव दिलं होतं. आता ती दुसऱ्या शहरात प्राध्यापक होती, आणि अनुदानाचे प्रस्ताव निवडणाऱ्या समितीवर तिची नेमणूक झाली होती. समितीवर कोण आहे हे गुप्त ठेवायचं असतं, त्यामुळे सरांना पत्ता नव्हता. बाकीचे सदस्य हुशार होते, पण कुणी संख्याशास्त्रातला, कुणी सांकेतिक लिपीतला. शिंपीकाम कळणारी ती एकटी.

म्हणून तिने तालीम केली. अक्षरशः तालीम! बसमध्ये, आंघोळ करताना, भाजी चिरताना. सरांनी जे लिहिलं नव्हतं ते सगळं ती बोलणार होती. दोन कापडं हातात धरून जोड दाखवायचा, असंही तिने ठरवलं आणि पिशवीत खरोखरच दोन रुमाल टाकले. सरांची विद्यार्थिनी असण्याची अडचण नव्हती. त्याला खूप वर्षं लोटली होती, नियमात ते बसत होतं.

बैठकीत सरांचा प्रस्ताव आला तशी तिने पिशवीत हात घातला. सचिवबाईंनी प्रत्येक प्रस्तावाआधीचा प्रश्न त्याच कंटाळलेल्या सुरात विचारला.

"कुणाचा जवळचा संबंध? नातं, एकाच संस्थेत नोकरी, अलीकडे एकत्र लिहिलेला शोधनिबंध?"

खोडरबरचा हात पिशवीतच थांबला.

शोधनिबंध. गेल्याच वर्षीचा. तिने त्यात काय केलं होतं? सरांच्या घरी चहा पिताना एक शंका काढली होती, बस्स. महिन्याभराने सरांचा फोन आला होता, "अगं, तुझ्या त्या शंकेवर सगळा निबंध उभा आहे. तुझं नाव घातलंय." ती हसून नको नको म्हणाली होती. सरांनी ऐकलं नाही. तिची बढती अडली होती, हे काकूंनी त्यांच्या कानावर घातलं होतं ना!

ते तिने कधी स्वतःचं काम मानलंच नव्हतं. म्हणून तिला आठवलंही नाही.

कुणी तिच्याकडे पाहत नव्हतं. गप्प बसली असती तर खपून गेलं असतं. पण गप्प बसायला सरांनी तिला शिकवलं नव्हतं.

"माझा," ती म्हणाली. "एक निबंध आहे आमचा."

"मग मॅडम, तुम्हाला बाहेर बसावं लागेल."

दाराला काच होती. आत तोंडं हलताना दिसत होती, आवाज नव्हता. संख्याशास्त्रज्ञाने पानं पुढे-मागे चाळली आणि खांदे उडवले. अध्यक्षांनी टेबलाभोवती नजर फिरवली, कुणी बोलतंय का म्हणून. कुणी बोललं नाही. तिचे ओठ मात्र काचेअलीकडे हलत होते. सगळं भाषण, पहिल्या शब्दापासून. ते निम्म्यावर आलं असेल नसेल, तोच सचिवबाईंनी दार उघडलं.

"या मॅडम. झालं."

निकाल लागल्यावर ती सरांकडे गेली. दाढीवाल्याला विमा कंपनीत नोकरी लागली होती. सर त्याच्या खुर्चीवर बसून, एका बोटाने, त्याचा प्रोग्रॅम चालवायचा प्रयत्न करत होते.

"ये गं. हे पडद्यावर लाल काय आलंय?"

"चूक झाल्याचा संदेश आहे, सर. कंस राहिलाय."

"बघ. या वयात कंस राहतात." सर हसले. मग पडद्याकडेच बघत म्हणाले, "माझं लिहिणं वाईट, हे मान्य. पण एवढे विद्वान बसले होते. माझ्या बाजूने कुणीतरी एक शब्द बोललं असेल ना गं?"

सर तिच्याकडे वळले नव्हते, हे बरंच झालं.

"बोललं असेल, सर. पुष्कळ बोललं असेल."

"मग ठीक आहे," सर म्हणाले आणि कंस शोधू लागले.