आधी दगडाला पाणी

मेश्राम मॅडम गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने, पल्लवीने केला. मी कोराडीच्या वीज केंद्रातल्या राखेची बातमी लिहीत होतो. ती पूर्ण करून पाठवली.

मॅडम नागपूरच्या एका कॉलेजात भूशास्त्र शिकवत. निवृत्तीनंतर त्यांनी माझ्यासारख्या वार्ताहराला खडक पाहायला शिकवलं. हिंगण्याकडचा काळा बेसाल्ट त्यांच्या लेखी कालचा पाहुणा. खरा यजमान कुहीकडचा नाईस नावाचा खडक. कधीकाळी भूखंडाचे दोन तुकडे एकमेकांना भिडले, तेव्हा खडक खोल दाबला गेला, तापला, पिळवटला आणि पट्टेदार होऊन वर आला. कोरड्या खडकावर हे पट्टे नीट दिसत नाहीत, म्हणून मॅडम त्यावर बाटलीतलं पाणी ओतत. उन्हात मी बाटलीला हात लावला की म्हणत, "थांब गा. आधी दगडाले, मंग आपल्याले."

कुहीजवळच्या एका गावाबाहेर पट्ट्यांच्या घड्या ठळक दाखवणारा खडक होता. रस्ता रुंद होणार होता आणि तो आड येत होता. मॅडमनी कार्यालयात खेटे घातले. उपयोग झाला नाही. मग त्यांनी गावकऱ्यांना जमवलं, पाणी ओतून घड्या दाखवल्या आणि सांगितलं, या भागात याच्याहून जुनं काही नाही.

पुढच्या खेपेला गेलो तर खडक शेंदराने माखलेला. एकही पट्टा दिसेना. मॅडम बौद्ध घरातल्या. त्या पाहतच राहिल्या. शेजारच्या शेतातल्या सुमनबाई पुढे आल्या.

"हे काहून केलं वं, सुमनबाई?"

"तुमीच त सांगतलं, सगळ्यात जुना हाय म्हणून. आता लावते का कोणी मशीन याले?"

मॅडम आधी चिडल्या, मग इतक्या हसल्या की खडकालाच टेकल्या. साडीला शेंदूर लागला. "यानं पहाडाचं वजन सोसलं," मला म्हणाल्या, "हा रंग कोणता मोठा!" मागची बाजू तेवढी धुऊन कोरी ठेवायची, असं ठरलं.

रस्ता खडकाला वळसा घालून गेला.

गेल्या आठवड्यात तिथे गेलो. पल्लवीने दिलेली मॅडमची बाटली सोबत होती. मागची बाजू ओली होती, काळ्या-पांढऱ्या घड्या स्वच्छ दिसत होत्या. सुमनबाईंना बातमी सांगितली. त्यांनी पदराने तोंड पुसलं. "मॅडमनं सांगतलं होतं," त्या म्हणाल्या, "पाणी त मी घालूनच राहिली."

मला तहान लागली होती. आधी दगडावर ओतलं, मग प्यालो.