घरातलं माणूस जेवायचं थांबलंय

मंडळी, आज लिहिल्याशिवाय राहवत नाही.

सोलापूरला बदली झाली तेव्हा मी रडले होते. इथली माणसं रांगडी, आपल्यातली नाहीत, असं धरून वर्षभर दार लावूनच राहिले.

बाबांचे दिवस करून आज रत्नागिरीहून परतले. भवानी पेठेतल्या खोलीचं कुलूप काढते तोच शेजारच्या लक्ष्मीबाई पिठलं-भाकरी घेऊन आल्या.

"आज चहा बी करायचा न्हाय. दुःखाच्या घरात पयला घास शेजाऱ्याचाच असतो की."

"भूक नाही हो."

त्या उंबऱ्याशी बसल्या. "मग मी बी न्हाय जेवत."

इतक्यात मावशीचा फोन आला. "तिथे आपलं कोणी नाही गं. एकटी कशी राहशील?"

लक्ष्मीबाई भाकरी मोडत होत्या.

म्हटलं, "मावशी, नंतर बोलते. घरातलं माणूस जेवायचं थांबलंय."